चौथी होडी: एकट्याच्या कॅनूच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी

शेडमध्ये आज तीन होड्या आहेत. पाच मीटरची दोघांची कॅनू, रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लास्टिकची, वजन 31 किलो. 4.9 मीटरची सागरी कयाक, 25 किलो. तिसरी हवा भरायची. तिच्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, ती वाऱ्याबरोबर जाते आणि मी तिच्याबरोबर. चौथीला जागा हवी म्हणून सायकली भिंतीवर टांगल्या. बायको दारातून म्हणाली, "आधी जागा, मग होडी? म्हणजे ठरलंय तर."

ठरलं काहीच नाही. फक्त यादी केली आहे: लांबी किमान 4.2 मीटर, पळायला चपळ, चार दिवसांच्या मुक्कामाचं सामान मावेल अशी, गुडघ्यांवर बसून वल्हवता येईल अशी. ही यादी खोडायची नाही. नंतर किती चुकलो ते बघायला लागेल.

6 जानेवारी

गेल्या वर्षीची डायरी चाळली. पाण्यावर एकूण 26 वेळा गेलो. कयाक 14, मोठी कॅनू दोघांनी 9, मोठी कॅनू एकट्याने 2, हवेची 1. त्याशिवाय 17 दिवसांपुढे "जायचं होतं, गेलो नाही" असं लिहिलंय. तीनदा कारण पाऊस, दोनदा वारा. उरलेल्या बारा वेळा एकच शब्द: कंटाळा.

बारा वेळा कंटाळा? मला पाण्याचा? तूर्तास नुसती नोंद.

11 जानेवारी

एकट्याच्या छोट्या कॅनूचा विषय निघाला की जे. हेन्री रश्टनचं नाव येतंच. न्यूयॉर्क राज्यातल्या कँटन गावचा हा कारागीर. 'नेसमुक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्ससाठी त्याने 1883 मध्ये 'सेअरी गँप' बांधली. लांबी नऊ फूट, म्हणजे 2.74 मीटर. वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. लाकडाची! सिअर्स तेव्हा 61 वर्षांचा होता, छातीच्या दुखण्याने खंगलेला. त्याच उन्हाळ्यात या होडीतून त्याच राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांमधल्या तळ्यांतून तो 266 मैल फिरला.

वाचून हुरळून जायला होतं. पण सिअर्सचं स्वतःचं वजन पन्नास किलोच्या आसपास होतं आणि माझं 74 आहे. त्याच्या होडीत मी बसलो तर काठ आणि पाणी यांची फार लवकर ओळख होईल. तरी एक गोष्ट डोक्यात राहिली. एका तळ्यातून निघून दुसऱ्या तळ्यापर्यंत होडी खांद्यावर न्यायची, तीही आजारी माणसाने, एकट्याने. त्याने रश्टनकडे वेग मागितला नव्हता, हलकेपणा मागितला होता.

15 जानेवारी

आकडेमोड. पाण्यात बसलेली लांबी जास्त तर वेगाची कमाल मर्यादा जास्त, हे खरं. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणलं की नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) साधारण मर्यादा मिळते. पाण्यावरची लांबी 14 फूट धरली तर ताशी 9.3 किलोमीटर, 12 फूट धरली तर 8.6.

आता माझ्या घड्याळातल्या नोंदी: एकट्याचा सरासरी वेग ताशी 5 किलोमीटर. जोर काढला तर साडेसहा, तोही पाच मिनिटं. म्हणजे ज्या मर्यादेसाठी मी लांबी मागतोय तिच्या जवळपासही मी जात नाही. उलट सावकाश वेगात मुख्य अडथळा घर्षणाचा असतो. होडीचं जेवढं अंग ओलं, तेवढं घर्षण जास्त. तिथे छोटी, अरुंद होडीच बरी पडते. यादीतल्या 4.2 पुढे प्रश्नचिन्ह.

रुंदीचा हिशेब मात्र चक्रावणारा निघाला. होडी कलायला किती विरोध करते ते पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. 70 ऐवजी 75 सेंटीमीटर केली, तर फक्त पाच सेंटीमीटरमागे हा विरोध सुमारे 23 टक्के वाढतो. माहितीपत्रकात बहुतेक काठाची रुंदी देतात, आणि काठ आत वळवलेला असेल किंवा बाहेर पसरलेला असेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. आपण मोजपट्टी घेऊन जायचं.

28 जानेवारी

मोठी कॅनू एकट्याने, नीट प्रयोग म्हणून. पुढच्या बाकावर उलटा बसलो, म्हणजे पिछाडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, झाली आणि मी मध्याच्या थोडा जवळ आलो. वारा मंद होता तोवर छान चाललं. मग जोर वाढला आणि समोरचं उचललेलं टोक पतंगासारखं फिरायला लागलं. जे टोक हलकं ते वारा ढकलतो, नियम इतका साधा आहे. वीस लिटरचा पाण्याचा कॅन पुढे सरकवला, नाळ खाली बसली आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून सरळ चालली. परतताना वारा पाठीमागून होता, तेव्हा तोच कॅन मागे घेतला. कॅन पुढे न्यायला दोनदा, मागे आणायला दोनदा, अशी चार वेळा त्या लांबलचक तळावरून रांगत कसरत केली. किनाऱ्यावर कोणी बघत असेल तर त्याला वाटलं असेल, याचं काहीतरी हरवलंय.

गुडघ्यांवर बसल्यावर ताबा फार चांगला येतो, याबद्दल वाद नाही. एका बाजूला कलून, जे-स्ट्रोकने, म्हणजे फटक्याच्या शेवटी पातं बाहेर वळवून, होडी सरळ ठेवत जाणं हे वल्हवण्यातलं माझ्या आवडीचं सुख आहे. पण बाविसाव्या मिनिटाला उजव्या पावलाला मुंग्या आल्या आणि तिसाव्याला पाऊल आपलं राहिलंच नाही.

9 फेब्रुवारी

बसायचं कसं, यावर दोन आठवडे घोळ. होडीपेक्षा हा प्रश्न आधीचा आहे, आणि मी तो यादीत एका ओळीत उडवला होता.

गुडघ्यांवर: बाक उंच, पुढे उतरता, बुड टेकवायला. बाकाखालून पावलं सहज निघतील एवढी मोकळी जागा हवीच. उलटल्यावर बूट तिथे अडकला तर गंमत संपते. पायात मोठे बूट घालून मोजायचं, अनवाणी नाही.

बाकावर पाय लांब करून: वल्हं एकाच पात्याचं, दांडा पात्याजवळ वाकवलेला, दर सहा-आठ फटक्यांनी बाजू बदलायची. वाकड्या दांड्याचं वल्हं यूजीन जेन्सनने 1971 मध्ये शर्यतींसाठी आणलं. पातं पाण्यातून मागे जाताना उभं राहतं, त्यामुळे पाणी वर उचलण्यात ताकद वाया जात नाही. ही पद्धत कार्यक्षम आहे, पण मला ती कवायत वाटते.

तळाशी बसून: कयाकसारखं, बूड तळापासून सात-आठ सेंटीमीटरवर, दोन पात्यांचं वल्हं. रश्टनच्या होड्यांची परंपरा हीच. वजन खाली, म्हणून अरुंद होडीही शांत राहते. गुडघे सुटतात, कंबर अडकते.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे आधी पाय पाहून मग अंथरूण निवडायचं आहे.

16 फेब्रुवारी

आज पाण्याला हातही लावला नाही, आणि प्रकल्पाचं तोंडच फिरलं.

गाडी लावायची जागा ते पाणी हे अंतर 380 पावलं भरलं. वाळूच्या पिशव्या वेगवेगळ्या वजनांच्या भरल्या, एक एक खांद्यावर घेऊन तेवढं चाललो, आणि परत आलो. परत येणं महत्त्वाचं, कारण वल्हवून दमल्यावर होडी परत न्यायची असते. 10 किलो: शीळ घालत. 14: शीळ बंद, बाकी ठीक. 18: एकदा खांदा बदलला, पण उद्या पुन्हा करीन. 24: मध्ये ठेवावी लागली. 31 ची पिशवी जमिनीवरून डोक्याच्या उंचीला, म्हणजे गाडीच्या टपाइतकी, नेताना पाठीत कळ आली आणि प्रयोग थांबवला.

रात्री डायरीतले ते बारा "कंटाळे" पुन्हा उघडले. बाराच्या बारा संध्याकाळचे, आणि बाराही दिवशी घरी मी एकटा होतो. टपावर होडी चढवायला दुसरा माणूस नव्हता. कंटाळा नव्हता तो. पाठीने आधीच नकार दिला होता, मी त्याला सोयीचं नाव दिलं एवढंच.

नवी यादी, एका ओळीची: 18 किलोच्या आत, आणि एकट्याने टपावर. बाकी सगळं यानंतर.

18 फेब्रुवारी

18 ची अट लावली की साहित्य आपोआप गळत जातं. पॉलिएथिलीन पहिल्या फेरीत बाद. दगडावर आपटा, काही होत नाही, पण उचलायला ती माझ्या मोठीची सख्खी बहीण. रॉयलेक्स, म्हणजे आत फेस आणि बाहेर एबीएस प्लास्टिकचे थर, याचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. मिळाली तर जुनी मिळेल, आणि छोट्या मापातही ती अठराच्या आत येणं कठीण.

उरतात कापड आणि रेझिनच्या होड्या. काचतंतू (फायबरग्लास) स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण वजनाला मध्यम. केव्हलार हा स्टेफनी क्वोलेकने 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत शोधलेला तंतू. ताणाला जबरदस्त, दाबाला कच्चा. म्हणून आपटल्यावर फाटत नाही, पण घासलं की केसाळ होतो. ऊनही त्याला सोसत नाही, वार्निश जपावं लागतं. कार्बन सगळ्यात ताठ आणि हलका, पण जोराचा फटका बसला तर वाकण्याऐवजी तडकतो. माझ्या पाण्याला ओढ नाही, किनाऱ्याला दगड आहेत. केव्हलार किंवा मिश्र कापड.

देवदाराच्या पट्ट्यांची स्वतः बांधावी, असा विचार दीड दिवस आला. गेला.

2 मार्च

पहिली चाचणी: मित्राची 4.3 मीटरची, गुडघ्यांवर बसायची, केव्हलार, 16.8 किलो. रॉकर भरपूर, म्हणजे तळ दोन्ही टोकांकडे पाळण्याच्या दांड्यांसारखा वर वळलेला. पहिली पाच मिनिटं मी अंड्यांच्या टोपलीत बसल्यासारखा होतो. मित्र किनाऱ्यावरून ओरडला, "अरे, काठाकडे बघू नकोस, लांब बघ!" लांब बघितलं आणि गुडघे पसरून तळाला टेकवले तशी ती शांत झाली. मग कळलं की सुरुवातीला डुगडुगणारी होडी पुढे कलल्यावर भक्कम उभी राहू शकते. सपाट तळाची उलट: आधी टेबलासारखी, मग एकदम पलटते.

वळते तर अशी की नुसता विचार करावा. एका फटक्यात अर्ध वर्तुळ! पण सरळ जायला प्रत्येक फटका दुरुस्त करावा लागतो. उथळ पाण्यात मुद्दाम उलटवली. बाहेर पडणं सोपं, पाण्यातून परत चढणं मला तीन प्रयत्नांत जमलं नाही. लाइफ जॅकेट होतं, पाणी कमरेइतकं होतं, म्हणून हसण्यावारी गेलं. मधल्या तळ्यात हसलो नसतो.

चाळीस मिनिटांनी उतरलो तेव्हा दोन्ही पावलं परकी. होडी अप्रतिम आहे, पण तिच्यासाठी गुडघे दुसरे लागतील.

16 मार्च

दुसरी: 3.2 मीटरची, तळाशी बसायची, वजन 8.6 किलो. आठ पूर्णांक सहा! एका हाताने उचलली आणि उगीच शेडभोवती एक फेरी मारली. किनाऱ्यावर शांत पाण्यात पहिल्या फटक्यापासून घरचीच वाटली. दोन पात्यांच्या वल्ह्याने वारा कुठूनही येवो, फरक पडेना.

मग मोजपट्टी. मी आणि 12 किलो सामान बसल्यावर मधल्या जागी काठ पाण्यापासून 16 सेंटीमीटर. 15 ही मी मनाशी ठरवलेली किमान, म्हणजे अगदी टोकावर. माझ्या हिशेबाने दर साडेबारा किलोला ही होडी एक सेंटीमीटर खाली जाते. तंबू आणि रात्रीचं सामान घातलं की संपलं. तेवढ्यात एका मोठ्या बोटीची लाट बाजूने आली आणि अर्धा लिटर पाणी थेट मांडीवर.

दुसरं म्हणजे कंबर. पाठीला टेकू होता तरी पाऊण तासाने मी बैठक बदलायला जागा शोधत होतो, आणि तळाशी बसणाऱ्याला बदलायला दुसरी बैठकच नसते. दहा मिनिटं गुडघ्यांवर बसून बघितलं; इतक्या अरुंद होडीत ते डोंबाऱ्याचं काम.

तरी परत करताना हात सोडवत नव्हता. 8.6 हा आकडा वाईट असतो, त्यानंतर 16 सुद्धा जड वाटतात.

23 मार्च

तिसरी जुनी आहे. 3.66 मीटर, काठाशी 72 आणि पाण्यावर 69 सेंटीमीटर, रॉकर थोडासा, मिश्र कापड. मालक सत्तरीचे काका, खांद्यामुळे वल्हवणं सोडलंय. ते सांगत होते 15 किलो. मी तराजू काढला तेव्हा त्यांना आवडलं नाही, काटा 17.3 वर थांबला तेव्हा आणखीच नाही. "पूर्वी पंधरा होती," एवढंच म्हणाले. होडीही वयानुसार भरते की काय! खरं कारण पुढच्या टोकाला सापडलं: जुनी दुरुस्ती, त्यावर कापडाचा थर, त्यावर आणखी एक.

तपासणी तासभर केली. नाण्याने तळ ठोकत गेलो. घट्ट जागी टणटण वाजतं, थर सुटलेल्या जागी ठस्स. बाकाच्या मागे तळहाताएवढी एक जागा ठस्स वाजली. जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा तीन ठिकाणी, आत कापड शाबूत. उलटी ठेवून टोकापासून टोकापर्यंत नजर लावली, कणा सरळ. काठांचे स्क्रू एक सोडून सगळे घट्ट. उन्हाने पिवळी झालीय, पण तंतू उघडे पडलेले नाहीत.

चालवायला तिघींत सगळ्यात नीरस, हे प्रामाणिकपणे लिहितो. पहिलीसारखी नाचत नाही, दुसरीसारखी तरंगत नाही. बाक तळापासून 24 सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्यांवरचा. त्यावर पाय पसरून बसलो की डुगडुगते.

काका म्हणाले, "वाळूवरून ओढत नेणार असाल तर देणार नाही."

"नाही काका, उचलूनच नेणार."

"सगळे असंच म्हणतात."

25 मार्च

कागदावर बाक खाली घेतला. मी 74, होडी 17, सामान 9, बेरीज 100, हिशेबाला सोपी. बाक 10 सेंटीमीटर उतरवला तर एकूण गुरुत्वमध्य 7.4 सेंटीमीटर खाली येतो. डुगडुग त्याच वजनात, त्याच रुंदीत बरीच मरेल. आणि बाक टांगलेला आहे, चिकटवलेला नाही. दोन उंचीच्या आधारांनी टांगला तर एकाच होडीत दोन बैठका: खाली घेतला की दोन पात्यांचं वल्हं, वर घेतला की गुडघे, आणि पंचवीस मिनिटांनी अदलाबदल.

काकांना फोन केला.

6 एप्रिल

आणली. टपावर एकट्याने चढवली: आधी नाळ मागच्या दांड्यावर टेकवायची, मग पिछाडी उचलून पुढे ढकलायची. पूर्ण वजन एकदाही अंगावर येत नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर... नाही, 31 किलोवालीची पिछाडीच माझ्याने खांद्याच्या वर जात नाही.

ठस्स वाजणारी जागा: दोन बारीक भोकं, सिरिंजने इपॉक्सी, वर प्लास्टिक आणि वाळूची पिशवी (तीच, 14 किलोची), रात्रभर. टोकावरचे दुरुस्तीचे थर घासून 400 ग्रॅम काढले. मास्क लावून, कारण ही धूळ फुप्फुसाची नाही.

13 एप्रिल

बाकाचे आधार लाकडाचे कापले. खालच्या जागी बाक 14 सेंटीमीटरवर. तिथे पाय बाकाखाली जातच नाहीत, त्यामुळे अडकण्याचा प्रश्न नाही. वरच्या जागी जुने 24, आणि बूट घालून पावलं तीन वेळा सुटतात ना ते बघितलं. एक आधार उलटा कापला होता. दुपार गेली. पावलं टेकवायला आडवी पट्टी लावली. आश्चर्य म्हणजे बैठकीपेक्षा तिनेच कंबर वाचवली, जोर पायात उतरतो. मध्यभागी बाक असल्याने खांद्यावर घ्यायचं जोखड कायमचं बसवता येत नाही. काढ-घाल करता येणारं केलं.

दोन्ही टोकांना 60-60 लिटरच्या हवेच्या पिशव्या बांधल्या. काठोकाठ भरली तर माझ्या हिशेबाने जवळपास 400 लिटर पाणी आत बसेल; त्यातलं 120 आधीच अडवलेलं बरं.

20 एप्रिल

छाताडाइतक्या पाण्यात उलटवली. पिशव्यांमुळे बरीच वर राहिली. बाक खाली असताना पिछाडीवरून पालथं पडून, सरपटत परत आत: दुसऱ्या प्रयत्नात जमलं. मग अर्धा तास डबा घेऊन पाणी उपसलं. डबा दोरीने बांधायचा, तो दोनदा तरंगत निघून गेला.

240 सेंटीमीटरचं वल्हं बरोबर बसतं. 220 उसनं आणलेलं काठावर आपटत होतं. पात्याचं पाणी मांडीवर ठिबकतं, त्याला रबरी कड्या.

22 एप्रिल, मंगळवार

6:05 ला घरून. बाक खाली. वारा थोडा, उजवीकडून. 7:30 ला परत.

23 एप्रिल

बाक वर, पंचवीस मिनिटं जे-स्ट्रोक, मग खाली. पाण्यावर बसून बाक बदलणं जमत नाही, किनाऱ्याला यावं लागतं. आधारांना फुलपाखरू नट लावून बघायचे.

25 एप्रिल

गेलो. बगळे. वल्हं एकच नेलं, दुसरं विसरलो, पुन्हा नाही.

27 एप्रिल

पाऊस होता, गेलो नाही. कारणाच्या रकान्यात "पाऊस" लिहिलं.

हवेची होडी कोणाला द्यायची, विचारून ठेवलं.